वॉट लागली!

रात्रीचे सव्वाअकरा. तारीख अर्थातच ३१ डिसेंबर. आई-बाबा रत्नागिरीला आत्याकडे. डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये अकरा माणसं, पाच पिझ्झे आणि बेसुमार आवाज. आणि मग एकदम काहीच नाही. नाचणारे पाय आणखी दोन सेकंद चालू राहिले, पण गाणं गायब. त्यानंतर वास आला. ज्यांनी कधी घरचा मिक्सर जाळलाय, त्यांना हा वास बरोबर माहीत असतो.

‘‘लाइट गेले का गं?’’ कुणीतरी विचारलं. लाइट चालू होते. गेला होता तो बाबांचा अॅम्प्लिफायर.

आता कबुलीजबाब. दोन स्पीकरनी माहोल बनत नाही म्हणून एका मित्राने त्याच्या घरचे दोन स्पीकर आणले होते. वायरी सोलून मी त्या बाबांच्या स्पीकरच्याच टर्मिनलमध्ये कोंबल्या. चारही स्पीकर वाजायला लागले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मास कम्युनिकेशनची डिग्री असलेल्या मुलीला वायरिंगही येतं, असं मला त्या वेळी वाटलं. हा गैरसमज साधारण पन्नास मिनिटं टिकला.

बाबांनी हा सेट १९८८ साली घेतला. बँकेतल्या पगारवाढीचे अरिअर्स एकदम हातात आले होते. आईला फ्रिज हवा होता. आला अॅम्प, टर्नटेबल आणि लाकडी स्पीकरची जोडी. हा विषय आमच्या घरात अजून बंद झालेला नाही. माझं अख्खं बालपण त्या सेटच्या जाळीला नाक लावून गेलं. रविवारी सकाळी भीमसेन जोशींचे अभंग, दुपारी जुनी नाट्यगीतं, आणि संध्याकाळी बाबा पोळ्यांना तूप लावेपर्यंत एखादी सतार.

ते रत्नागिरीहून परत आले. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं, परत लावलं. ‘‘जुनं झालं होतं गं ते,’’ म्हणाले आणि पेपर वाचत बसले. ओरडले असते तर परवडलं असतं, बॉस!

जानेवारीत टर्नटेबलच्या झाकणावर वर्तमानपत्रं साठायला लागली. फेब्रुवारीत त्यांच्यावर विजेची बिलं आली. मार्चमध्ये सगळ्यात वर बाबांच्या शुगरची फाइल होती. सकाळी ते मोबाइल कपाला टेकवून अभंग लावायचे. भीमसेनजी आणि कपबशी, दोघंही सारखेच किणकिणायचे. त्या दिवशी मी ठरवलं. नव्या लॅपटॉपसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढायचे आणि बाबांच्या स्पीकरना साजेसा अॅम्प आणायचा. एका फ्रीलान्सरने लॅपटॉपचे पैसे काढणं म्हणजे काय, ते ज्यांची पेमेंट्स तीन-तीन महिने लटकतात त्यांनाच कळेल.

हजार वॉटचं स्टिकर

पहिली चक्कर अर्थातच मॉलमध्ये. शोरूममधला मुलगा धावतच आला.

‘‘मॅडम, हा सेट बघा. हजार वॉट!’’

‘‘स्पीकर आहेत घरी. मला फक्त अॅम्प हवाय.’’

उडप्याकडे जाऊन मी नुसती चटणी मागितली असावी, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मग साउंडबार दाखवला. मग मोठा साउंडबार दाखवला. मग म्हणाला, ‘‘सरांना घेऊन या ना, त्यांना समजावतो.’’ कुठले सर? मी तिथून निघाले.

पण जाता जाता त्या हजार वॉटच्या डब्याची मागची बाजू बघितली. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं : पॉवर कन्झम्प्शन ६० वॉट. म्हणजे भिंतीतून घेणार ६० आणि गाण्याला देणार हजार! असा हिशेब माझ्या बँकेत चालला असता तर मी आज मॉरिशसला असते.

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टू-इन-वन होता, त्यांना ‘पीएमपीओ’ हे स्टिकर आठवत असेल. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. मोजायची ठरलेली पद्धत नसल्यामुळे ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापायचा. एका निमिषात, कसाबसा, फाटक्या आवाजात निघू शकेल असा वॉटचा आकडा. आपल्याला हवा असतो तो सतत मिळणारा वॉट. बोलीभाषेत त्याला सगळे ‘आरएमएस’ म्हणतात. जाहिरातीतल्या फुगवलेल्या वॉटचा हा उद्योग फक्त आपल्याकडचाच नाही बरं का. अमेरिकेत तर १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनला त्यासाठी नियम आणावा लागला : घरगुती अॅम्पचा वॉट जाहीर करताना तो सतत मिळणाराच सांगायचा.

आरएमएस लिहिलं म्हणजेही गंगेत घोडं न्हालं असं नाही. किती ओहमला? किती चॅनल एकदम चालवून? किती डिस्टॉर्शन धरून? ‘१०० वॉट, ६ ओहम, एक चॅनल, १० टक्के टीएचडी’ आणि ‘५० वॉट, ८ ओहम, दोन्ही चॅनल, ०.०५ टक्के टीएचडी’ यांत दुसरा अॅम्प बहुतेक वेळा जास्त तगडा निघतो. होम थिएटरच्या रिसीव्हरवर पहिल्या प्रकारचे आकडे फार दिसतात.

पूल एक की दोन?

दुसरी चक्कर लॅमिंग्टन रोडला. कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण रिक्षावाल्यापासून रिपेअरवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी तो लॅमिंग्टन रोडच. जळका अॅम्प गोणपाटात गुंडाळून डोंबिवली–दादर–ग्रँट रोड असा लेडीज डब्यातून नेला. माझ्या मांडीवर एवढं वजन बघून एका काकूंनी ‘‘बाळ झोपलंय का?’’ असंही विचारलं.

एका गल्लीच्या आत, जिन्याखाली, एक काका गेली कित्येक वर्षं अॅम्प दुरुस्त करतात. ‘‘माझं नाव छापू नकोस, लोक फुकट सल्ला मागायला येतात,’’ असं त्यांनी बजावलंय. म्हणून नुसतं काका. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, ‘‘किती स्पीकर जोडलेस?’’

‘‘चार.’’

‘‘एकाच जोडीच्या टर्मिनलला?’’

मी मान डोलावली. काकांनी अॅम्प उलटा केला, मागच्या बाजूची धूळ ब्रशने झटकली आणि बोट ठेवलं. कंपनीच्या पट्टीवर छापलं होतं : ८ ते १६ ओहम. त्याच्या खाली चिकटपट्टीवर निळ्या शाईत बाबांचं अक्षर : ‘फक्त एक जोडी.’ ही पट्टी मी जन्मात कधी वाचली नव्हती.

आता हे ओहम प्रकरण. मी डोंबिवलीकर असल्यामुळे काकांनी मला स्टेशनच्या भाषेत समजावलं. गाडी आली, प्लॅटफॉर्मवर गर्दी उतरली. पूल एकच असेल तर माणसं अडून-अडून जातात. ती अडवणूक म्हणजे ओहम. तसाच दुसरा पूल शेजारी बांधला तर अडवणूक निम्मी, आणि तेवढ्याच वेळात दुप्पट माणसं बाहेर पडतात. आठ ओहमच्या एका स्पीकरला शेजारून दुसरा आठ ओहमचा जोडला की अॅम्पला दिसतात चार ओहम. तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट. पुलाची सोय झाली, पण एवढी माणसं पुरवायची कोणी? अॅम्पने. त्याचे ट्रान्झिस्टर तेवढ्यासाठी बनवलेलेच नव्हते. ते तापले आणि गेले. जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन गेले.

आणि एक गंमत. स्पीकरवर लिहिलेले ८ ओहम हे ‘साधारण’ ८ असतात. सूर बदलला की ओहमही बदलतात. एखाद्या सुराला ते तीसही होतात, एखाद्याला सहापर्यंत उतरतात. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ चे किमान ६.४. पण सगळे स्पीकर हा नियम पाळतातच असं नाही. त्यामुळे अॅम्प घेताना ‘४ ओहमला चालेल का?’ हे विचारायचंच. चांगल्या अॅम्पचा वॉट ४ ओहमला बऱ्यापैकी वाढतो. आठला ५० आणि चारला ८०-९० देणारा अॅम्प म्हणजे करंटचा साठा असलेला अॅम्प. चारचा आकडा द्यायचंच टाळलं असेल तर सावध व्हा.

‘‘हा दुरुस्त होईल?’’ मी विचारलं.

‘‘ट्रान्सफॉर्मर भरून देईन. पण हे ट्रान्झिस्टर बनणं कधीच बंद झालं. बाजारात मिळतात ते बहुतेक नकली. तुझ्या बाबांना परत तोच वास द्यायचाय का?’’

नाही. बिलकुल नाही.

एका वॉटची गोष्ट

मग काकांनी तीन प्रश्न विचारले. स्पीकरच्या मागे काय लिहिलंय? खोली केवढी? आणि ऐकणारा कोण, काय ऐकतो? किती वॉट हवेत, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

स्पीकरच्या मागचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. ८ ओहम. ८७ डीबी. २० ते ८० वॉट. आपण सगळे शेवटचा आकडा वाचतो. खरी मेख मधल्या आकड्यात. ८७ डीबी ही स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. म्हणजे त्याला १ वॉट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज येणार.

आता दोन नियम पाठ करा, आयुष्यभर पुरतील. आवाज ३ डीबीने वाढवायचा तर वॉट दुप्पट लागतात. १० डीबीने वाढवायचा, म्हणजे कानाला साधारण दुप्पट वाटेल एवढा, तर वॉट दहापट. याचा अर्थ काय? ५० वॉटच्या जागी १०० वॉटचा अॅम्प घेतला तर जास्तीत जास्त आवाज वाढतो तो फक्त ३ डीबी. कानाला कळेल, पण शेजाऱ्यांना नव्याने तक्रार लिहावी लागेल इतका नाही!

उलट स्पीकर बदलला तर केवढा फरक पडतो बघा. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा चिमुकला स्पीकर बनवला, बुटांच्या खोक्याएवढा. त्याची सेन्सिटिव्हिटी सुमारे ८३ डीबी. आणि १९४६ पासून अमेरिकेत बनणारा क्लिप्शहॉर्न, खोलीच्या कोपऱ्यात कपाटासारखा उभा राहणारा. त्याची कंपनी सांगते १०५ डीबी. फरक २२ डीबी, म्हणजे दीडशेपटीहून जास्त वॉट. क्लिप्शहॉर्न एका वॉटवर जेवढा ओरडेल, तेवढं ओरडायला बीबीसीच्या डब्याला दीडशे वॉट लागतील. (तेवढे त्याला झेपणार नाहीत, हा भाग वेगळा.) म्हणून ‘कुठला अॅम्प चांगला?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या स्पीकरसाठी, ते आधी सांगा.

आमच्या हॉलचा हिशेब काकांनी एका बिलाच्या पाठीवर मांडला. सोफा स्पीकरपासून साधारण दहा फुटांवर. अंतरामुळे आवाज घटतो, दुसऱ्या स्पीकरमुळे आणि भिंतींमुळे थोडा परत मिळतो. १ वॉटला सोफ्यावर ८० डीबी धरा. आपण समोरासमोर बोलतो ते साधारण ६० असतं. बाबा मन लावून ऐकतात तेव्हा सरासरी ७५. त्याला लागणार एक-तृतीयांश वॉट. हो, बरोबर वाचलंत. पाव वॉटपेक्षा थोडं जास्त! पण गाणं सरासरीत चालत नाही. तबल्यावर थाप पडली, तान वर गेली की क्षणभर १५-२० डीबीची उसळी येते. ९० डीबीला १० वॉट. ९५ ला ३२. त्यावर थोडा हात राखून ठेवा. ४० ते ६० वॉटचा प्रामाणिक अॅम्प. विषय संपला.

आणि ३१ डिसेंबरचा हिशेब? सरासरी ९० म्हणजे १० वॉट सतत, आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला शंभर. ४० वॉटच्या अॅम्पकडे मी शंभर मागत होते, तेही दोन-दोन पूल बांधून. त्याने पन्नास मिनिटं दिली, हेच खूप.

छोट्यालाच धोका

माझा एक कलीग-कम-मित्र म्हणतो, ‘‘स्पीकर जपायचे तर छोटा अॅम्प घ्यावा. मोठ्याने फुटतात.’’ हे अर्धसत्य आहे. मोठ्या अॅम्पचा व्हॉल्यूम बेफाम फिरवला तर स्पीकर जातोच. पण छोट्या अॅम्पला त्याच्या ताकदीबाहेर ताणलं की तो लाटांची डोकी छाटायला लागतो. त्याला क्लिपिंग म्हणतात. आवाज किरटा, फाटका होतो, सरासरी वॉट वाढतात आणि त्यातला मोठा वाटा वरच्या सुरांकडे जातो. ते सूर वाजवणारा ट्वीटर म्हणजे घरातला सगळ्यात नाजूक मेंबर. ८० वॉटच्या स्पीकरमधला ट्वीटर स्वतः त्यातले थोडेच झेलू शकतो. आवाज फाटला की व्हॉल्यूम खाली घ्या, हा एक नियम पाळला तरी तुमचे स्पीकर निम्मी संकटं टाळतील.

वॉटचा आकडा लहान असूनही अॅम्प तगडा असू शकतो, याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९७८ चा एनएडी ३०२०. कागदावर चॅनलला फक्त २० वॉट. पण क्षणिक उसळीसाठी त्याच्याकडे जवळपास दुप्पट साठा होता, आणि अवघड स्पीकरपुढेही तो लगेच हात टेकत नसे. त्याच्या दुप्पट वॉट छापणाऱ्यांची त्याने पंचाईत केली. काका त्याचं नाव घेताना चष्मा काढतात.

टेस्ट मॅच

काकांनी डिपॉझिट ठेवून घेतलं आणि दोन अॅम्प घरी दिले. ‘‘रविवारपर्यंत ऐका. बाबांना ठरवू दे.’’ पहिला, जेवणाच्या डब्याएवढा, नवा, क्लास-डी प्रकारचा. हे अॅम्प फार थोडी वीज वाया घालवतात, त्यामुळे तापत नाहीत आणि आकाराने लहान होतात. दुसरा वापरलेला, जुन्या वळणाचा, क्लास-एबी, ४५ वॉटचा, आठ किलोंचा. चालू केला की अर्ध्या तासात वर मांजर येऊन झोपेल इतका उबदार. दोन्ही इंटिग्रेटेड, म्हणजे व्हॉल्यूम आणि पॉवर एकाच डब्यात. नुसता पॉवर अॅम्प घेतला तर पुढे प्रीअॅम्प वेगळा लागतो, हे आमच्यासारख्या एका हॉलच्या लोकांना सांगून ठेवते.

शनिवारी संध्याकाळी मी टर्नटेबलवरची फाइल, बिलं आणि वर्तमानपत्रं उचलली. बाबा काही बोलले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले. आधी मी स्पीकरची जाळी काढून कोनाच्या कडा बघितल्या. जुन्या स्पीकरची फोमची कड वर्षांनी बिस्किटासारखी चुरते. आमची रबराची निघाली, शाबूत. मग दोन्ही अॅम्पचा आवाज मोबाइलवरच्या डीबी मीटरने सारखा करून घेतला. हे फार महत्त्वाचं! जरासा मोठा वाजणारा अॅम्प आपल्याला उगाचच ‘चांगला’ वाटतो, आणि शोरूमवाल्यांना ते पक्कं ठाऊक असतं. मोबाइलमधूनच गाणी लावली. कुठला अॅम्प चालू आहे, ते बाबांना सांगितलं नाही.

निकाल? बाबांना फरक कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘दोन्ही छान आहेत. फ्रिजचं काय?’’

दोन्ही अॅम्प आपल्या ताकदीच्या आत, आमच्या आवाजाला, सारख्याच निष्ठेने वाजत होते. मग ठरवायचं कसं? इथे काकांचा तिसरा प्रश्न कामाला आला. ऐकणारा कोण?

‘‘सतार आता जरा लांब बसल्यासारखी वाटते गं,’’ बाबा सहज म्हणाले. ‘‘आधीपण वाटायची. सेट बिघडायच्या आधीपासून.’’

सेट बिघडला नव्हता, बाबा. वयाबरोबर कान आधी वरचे सूर सोडतात. माझे वडील सदुसष्ट वर्षांचे आहेत, हे मला त्यांच्या शुगरच्या फाइलवर दिसायचं. त्या वाक्यात ते पहिल्यांदा ऐकू आलं. तीन महिने मी त्यांची कुठली गोष्ट बंद पाडून बसले होते, तेही.

मी आठ किलोंच्या अॅम्पचं ट्रेबलचं बटण दोन घरं उजवीकडे फिरवलं. बाबा थोडे पुढे सरकले. ‘‘हां,’’ म्हणाले. ‘‘आली इकडे.’’ डब्याएवढ्या अॅम्पला ट्रेबलचं बटणच नव्हतं. रेकॉर्डसाठी लागणारा फोनो इनपुटही नव्हता, आणि टर्नटेबलचा सिग्नल इतका बारीक असतो की त्याशिवाय चालत नाही. ४५ वॉटच्या अॅम्पला दोन्ही होतं. व्हॉल्यूमचं बटण लिंबाएवढं, चष्म्याशिवाय सापडेल असं.

मॅच तिथेच संपली. अठरा हजार रुपये आणि काकांची सहा महिन्यांची तोंडी गॅरंटी. लॅपटॉपच्या पैशांतले उरलेले परत ठेवले. लॅपटॉपला सांगितलंय, अजून वर्षभर तग धर.

आता रविवारी सकाळी अभंग सुरू असतात. व्हॉल्यूमचा काटा नवाच्या पुढे सहसा जात नाही. रात्री दहानंतर आणखी खाली, कारण रहिवासी भागातली रात्रीची मर्यादा ४५ डीबी आहे आणि शेजारच्या जोशीकाकूंची त्याहून कमी. पंचेचाळीस वॉटचा अॅम्प, त्यातला अर्धाही वॉट लागत नाही. हॉल मात्र भरून जातो.

परवा मी वाकून नव्या अॅम्पची मागची बाजू बघितली. चिकटपट्टी नव्हती. म्हटलं, चला, बाबांचा विश्वास बसला. मग समोर आले. व्हॉल्यूमच्या बटणाच्या बरोबर वर, निळ्या शाईत, ठळक अक्षरात : ‘फक्त एक जोडी. ३१ डिसेंबरलासुद्धा.’

खरेदीला निघण्यापूर्वी...

• स्पीकरच्या मागच्या पट्टीचा फोटो काढा : ओहम, डीबी, वॉट. तिन्ही हवेत.

• सोफा ते स्पीकर अंतर मोजा. छोटी खोली आणि ८७-९० डीबीचे स्पीकर असतील तर ४०-६० वॉट पुष्कळ. ८३-८४ डीबीचे असतील किंवा हॉल मोठा असेल तर शंभरच्या आसपास जा.

• पीएमपीओ वाचून हसा आणि पुढे व्हा. ८ ओहमला, दोन्ही चॅनल चालवून, सतत किती वॉट, ते विचारा. ४ ओहमचा आकडाही मागा.

• अॅम्पच्या मागे लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जाऊ नका. एका टर्मिनलला एकच स्पीकर.

• रेकॉर्ड ऐकत असाल तर फोनो इनपुट बघा. टीव्ही जोडायचा असेल तर ऑप्टिकल किंवा एचडीएमआय.

• वायरीवर उधळू नका. चार-पाच मीटरसाठी दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर झकास चालते. लाल-काळं मात्र उलटसुलट करू नका, नाहीतर बेस गायब!

• अॅम्पच्या वर वर्तमानपत्रं, पडदा, फुलदाणी नको. त्यालाही श्वास घेऊ द्या.

• ज्याच्यासाठी घेताय, त्याला आधी ऐकवा. पाकीट तुमचं असलं तरी कान त्याचे आहेत.